हेमसिंग कोणाचा

जगदेवनं शिक्क्याचं पॅड उघडलं, वाळलेल्या शाईवर पाण्याचे दोन थेंब सोडले, बोट टेकवून पाहिलं आणि पॅड मिटून परत टेबलावर ठेवलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. चैत्राचं ऊन दारातून सरकत वर्तमानपत्रांच्या बाकापर्यंत आलं होतं, आणि मानोऱ्याचे नेहमीचे वाचक ऊन उतरल्याशिवाय घराबाहेर पाय काढणार नव्हते. आज रूपला ढाडी येणार असा निरोप होता. त्याचा अंगठा घ्यायचा होता.

ढाडी म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्याची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. मानोऱ्याभोवतीच्या सात तांड्यांवर रूपलाच्या घराण्याची वहिवाट होती. वर्षातून एकदा त्यानं यायचं, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात सारंगी मांडीवर घेऊन बसायचं, आणि कोण कोणाचा लेक, कोणाचं गोत कोणतं, कोण कुठून कुठे गेला, हे सगळं गाऊन सांगायचं. तांड्यानं धान्य द्यायचं, कापड द्यायचं, वर्ष बरं गेलं असेल तर एखादं वासरूही द्यायचं. दुसऱ्या ढाडीनं त्या सात तांड्यांत तोंड उघडायचं नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता आणि आजवर कोणी मोडलाही नव्हता.

तीन वर्षांपूर्वी जगदेवनं या रूपलाला वाचनालयाच्या ओट्यावर बसवलं आणि अकरा दुपारी गूळ-शेंगदाणे खाऊ घालून ती सगळी वंशावळ वहीत उतरवून घेतली. बोटांना घट्टे पडले. वही पुरी झाली तेव्हा त्यानं पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलं, ‘लेखक : जगदेव पुंजाजी गावंडे’. त्यात काही गैर आहे असं त्याला वाटलं नाही. लिहिली कोणी? त्यानंच. मग तिच्या तीन नकला केल्या. एक वाचनालयात ठेवली, एक रिसोडच्या वाचनालयाला पाठवली आणि एक सातांपैकी एका तांड्याच्या प्रेमसिंग नायकाला भेट म्हणून दिली. यंदा अकोल्याच्या एका छापखान्यानं ती छापायला घेतली, आणि आपलं नाव छापील अक्षरात पाहायची जगदेवची शाळकरी वयापासूनची हौस एकदाची फिटायच्या बेतात आली.

नेमकी प्रुफं आली त्याच आठवड्यात वाशीमच्या एका वकिलांनी त्याला कॉपीराइटच्या नव्या कायद्याचं पुस्तक वाचायला दिलं. सत्तावन्न साली झालेला कायदा या जानेवारीत लागू झाला होता. ‘वाचनालय चालवता, माहीत असलेला बरा,’ असं ते म्हणाले होते. जगदेवनं डिक्शनरी उशाला घेऊन तो वाचला आणि झोप घालवून बसला. जे कलम उघडावं त्यात आपणच गुन्हेगार! बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या फार तर तीन प्रती वाचनालयानं कराव्यात, त्याही स्वतःच्या वापरापुरत्या. यानं तीन केल्या, त्यातल्या दोन वाटून टाकल्या. हक्क लेखकाचा, तो हयात असेतो आणि मेल्यावर पन्नास वर्षं. नोंदणी केली काय, न केली काय, सारखंच. दुसऱ्याला हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी. इथवर कसंबसं निभावलं असतं, पण मुळात लेखक कोण, या एका प्रश्नानं त्याला छळलं. तो पुन्हा वाशीमला गेला.

वकील म्हणाले, “पेपरवाला भाषण उतरवून घेतो, म्हणून भाषण त्याचं होत नाही, जगदेवराव.”

“पण नावंच आहेत हो नुसती. मेलेल्या माणसांची.”

“नावं कोणाच्याच मालकीची नसतात. जे घडलं ते सगळ्यांचं. ज्यानं मनानं काही रचलं, तेवढं त्याचं.” वकिलांनी चष्मा पुसला. “म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन ठेवा. उद्या भानगड नको.”

तेव्हापासून जगदेवचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अंगठ्याचा कागद त्यानं चारदा लिहिला आणि चारदा फाडला. पाचवा टेबलावर होता.

रूपला आला तो घामानं निथळत. साठी केव्हाच ओलांडलेला, उंच, पण कंबरेत वाकलेला. सारंगी त्यानं दाराशी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाकावर बसायचं सोडून जमिनीवरच बैठक मारली.

“मास्तर, पानी पाज आंदी.” वाचनालय चालवतो म्हणून तांड्याकडचे सगळे जगदेवला मास्तरच म्हणत.

पाणी पिऊन होईस्तोवर जगदेवनं दम धरला. मग कागद उचलून त्यानं वाचायला सुरुवात केली, “मी, रूपला वल्द गेमा, राजीखुशीनं लिहून देतो की...”

“हे मंग पाहू,” रूपला म्हणाला. “भीमा नायकाचं पान वाच.”

“रूपलाबाबा, हा कागद आंदी आयका. तुमच्याच फायद्याचा हाये.”

“भीमा नायकाचं वाच म्हनलं ना मी.”

म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, पण जगदेवनं कागद खाली ठेवला. प्रुफांच्या गठ्ठ्यातलं ते पान शोधायला त्याला वेळ लागला नाही. सबंध पुस्तकात त्याचं सगळ्यात आवडतं पान तेच. रिसोडला शाळेच्या समारंभात इतर निवडक पानांबरोबर त्यानं ते वाचून दाखवलं होतं, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायासुद्धा गप्प झाल्या होत्या.

त्यानं वाचलं, “भीमा नायकाले दोन लेक. थोरला देवला, धाकटा हेमसिंग. हेमसिंग बापावर रुसला, पांढऱ्या घोड्यावर बसला, पैनगंगा उतरून पुसदच्या रानात गेला. त्याची बायको रोज सांजच्याले टेकडीवर चढे अन् माहेराकडे पाहे. हेमसिंगानं येक दिवस घरच उचललं अन् टेकडीवर नेऊन बांधलं.”

रूपला डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “हेमसिंग काहाड.”

“काहून?”

“तो नाई.”

“नाई म्हंजे?”

“नाई म्हंजे जलमलाच नाई. भीमाले येकच लेक. देवला.”

जगदेवला वाटलं, म्हातारा विसरला. सत्तरीकडे झुकलेलं वय, उन्हातली पायपीट. त्यानं जरा हळू आवाजात सांगितलं की हे सगळं तुमच्याच तोंडून उतरवून घेतलंय, पाचव्या दुपारी, तारीख टाकलेली आहे.

“मले कायले सांगतं? मीच सांगतलं ना तुले.” रूपलानं डोळे उघडले. “माह्या बापानं शिकोलं होतं. परक्यानं इचारलं तं सांगाचं, पन येक मानूस आपल्या पदरचा त्यात बसवून द्याचा. उद्या दुसरा कोनी ढाडी आमच्या तांड्यात ते गाऊन राह्यला अन् त्याच्या तोंडी तो मानूस आला, का समजाचं, माल आपल्या घरचा हाये.”

“म्हंजे मी चोर?”

“तू कोन ते तवा मले काय माईत? तू लिवत होता.”

जगदेवच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अकरा दुपारी! स्वतःच्या शेतातले शेंगदाणे! त्याला ओरडावंसं वाटलं आणि वाचनालय आहे म्हणून त्यानं ते गिळलं. मग रूपलानं जे सांगितलं त्यानं त्याचा राग बसला, पण बरं काही वाटलं नाही.

प्रेमसिंग नायकाच्या तांड्यातल्या हिरीबाईची पोरगी ललिता, देवलाच्या वंशातली. तिचं लग्न पुसदकडच्या एका पोराशी ठरलं होतं, गूळही वाटून झाला होता. पोराचं नाव भाऊसिंग, आणि त्याच्या पणज्याचं नाव हेमसिंग. नायकाच्या घरात आता वही होती. कोणीतरी म्हणालं, एकदा पाहून तरी घ्या. पाहिलं तर भीमाचा धाकटा लेक हेमसिंग पुसदच्या रानात गेलेला. म्हणजे पोरगा-पोरगी एकाच बुंध्याची, नात्यानं भाऊबहीण. पंचांनी लग्न मोडलं. भाऊसिंगाकडच्यांनी विचारलंसुद्धा नाही. लिहिलेलंच आहे म्हटल्यावर काय विचारणार? आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, ते दुसरीकडे पोरगी पाहायला जाणार होते. ललितेनं चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता. रूपला तेव्हा यवतमाळकडे होता, काल परतला.

“मंग तुमी सांगाचं ना नायकाले, का हेमसिंग नाई म्हनून!”

“सांगतलं ना काल.” म्हातारा कडवट हसला. “म्हने, वयीत तं हाये. तूच सांगतलं होतं मास्तरले. आता म्हातारा झाला, इसरला.”

“मुद्दाम घातला म्हनून सांगा.”

रूपला उठला, दाराशी गेला, सारंगीची खुंटी उगाच पिळली आणि परत येऊन बसला.

“अन् बाकीचे साहा तांडे? उद्या दारात उभं राहून इचारतीन, रूपला, आमच्यात तं नाई ना कोनी घातला तू? ढाडीचा शब्दच गेला तं सारंगी चुलीत घालाची. मागं दोन लेक हायेत माहे.” तो थांबला. “तू काहाड त्याले. तुह्या वयीत हाये.”

जगदेव टेबलापासून कपाटापर्यंत गेला आणि परत आला. काढणं सोपं होतं. प्रुफावर चार ओळी मारायच्या, समासात खूण करायची, संध्याकाळच्या मोटारीनं गठ्ठा अकोल्याला. पण नायक विचारणार, आधी होतं, आता का नाही? लिहिण्याची चूक म्हणावं, तर लिहिताना एखादं नाव दुबार पडतं, कानामात्रा सुटते. पांढऱ्या घोड्यावर बसून, बायकोसाठी घर उचलून टेकडीवर नेणारा माणूस चुकून लिहिला गेला, हे प्रेमसिंग सोडा, त्याचा बैलही मानणार नाही.

“पन कसा सुचला हो तुमाले?” त्यानं अचानक विचारलं.

“कोन?”

“हेमसिंग.”

रूपलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं तेज आलं. “असाच. त्या दुपारी तू पानी आनाले गेला होता ना, तितल्यात. चांगला जमला होता.”

जगदेवला वकिलांचं बोलणं आठवलं आणि तो खुर्चीवर बसला. एकशे बारा पानं. देवला, भीमा, सोना, त्यांच्या बायका, त्यांचे तळ, त्यांची मरणं, हे सगळं घडलेलं, म्हणजे सगळ्यांचं. कोणीतरी मनानं रचलेलं असं त्यात एवढंच होतं, या चार ओळी. ज्यांच्या जोरावर आपण रिसोडला टाळ्या घेतल्या त्या. आणि त्या या घामेजलेल्या म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या येईस्तोवर रचल्या होत्या. जगदेवला त्याचा हेवा वाटला, सरळसरळ हेवा. पोरीचं लग्न मोडलंय आणि आपल्याला हे वाटतंय, याची लाजही वाटली.

“चला,” तो म्हणाला.

“कुठी?”

“तांड्यावर.”

अंगठ्याचा कागद टेबलावरच राहिला. जगदेवनं वाचनालयाला कुलूप लावलं, दोन पावलं गेल्यावर परत फिरून कुलूप ओढून पाहिलं आणि रूपलाला गाठायला पाय उचलले.

तांडा दोन कोसांवर. वाटेत मोहाच्या झाडांखाली वेचून उरलेली फुलं सुकत पडली होती. म्हातारा पुढे, जगदेव मागे. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. रूपलानं विसरून सांगितलं म्हणावं? त्यात रूपला जातो. मला ऐकू नीट आलं नाही म्हणावं? चार ओळी ऐकू नीट येत नाहीत असं कसं होईल? पहिल्या ओढ्यापर्यंत त्यानं सगळ्या सबबी जमवल्या आणि दुसऱ्या ओढ्यापर्यंत सगळ्या टाकून दिल्या. एक तेवढी उरली. तिची किंमत त्याला ठाऊक होती. वाटेत दोनदा त्याला वाटलं, परत फिरावं, आखाजीला अजून आठ दिवस आहेत.

प्रेमसिंग नायक दाराशी बाजेवर बसला होता. पन्नाशीतला, बोलायला सावकाश, लाल पागोटं. मास्तर आलेले पाहून त्यानं बाजेवर गोधडी पसरली. चार माणसं जमली. हिरीबाई आपल्या दारात उभी राहिली. तिच्या मागे अंधारात कोणीतरी बसलेलं होतं.

“नायक, वई आना,” जगदेव उभ्या उभ्याच म्हणाला.

वही देवाजवळ ठेवलेली होती, लाल फडक्यात. प्रेमसिंगनं ती दोन्ही हातांनी आणली.

“भीमा नायकाचं पान काढा. त्यात हेमसिंग हाये.”

“हाये ना. म्हनून तं...”

“तो खोटा हाये. रूपलाबाबानं काल सांगतलं ते खरं हाये. भीमाले येकच लेक होता.”

प्रेमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं, मग रूपलाकडे. रूपला जमिनीकडे बघत सारंगीचा पट्टा खांद्यावरून सोडवत होता.

“मंग हे लिवलं कोनं?”

“मी.”

“लिवलं तुमी, ते दिसूनच राह्यलं. सांगतलं कोनं?”

“कोनीच नाई. म्या मनानंच घातलं.” जगदेवनं वहीकडे बोट केलं. “नुसती नावंच नावं झाली होती. वाचाले गोडी येत नव्हती. म्हनून येक मानूस रचला.”

प्रेमसिंगनं वहीचं पहिलं पान उलटलं, तिथलं नाव बोट ठेवून हळूहळू वाचलं आणि वही मिटली.

हिरीबाई दारातून पुढे आली. जगदेवच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“गोडी येत नव्हती म्हनून?”

जगदेवनं मान खाली घातली.

“माही पोरगी चार दिवसापासून उपाशी हाये, मास्तर. तिनं त्याले भाऊ म्हनाचं का काय म्हनाचं, हेच तिले समजून नाई राह्यलं. तुमाले गोडी पायजे होती!” तिचा आवाज फाटला. “काय भेटलं तुमाले?”

वाटेत वाक्यं जुळवताना हा प्रश्न त्यानं धरलाच नव्हता. रूपला त्याच्या बाजूलाच उभा होता, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. तो एक शब्द बोलला नाही, आणि त्यानं बोलू नये म्हणूनच जगदेव इथवर आला होता, तरी त्या घटकेला त्याला म्हाताऱ्याचा मनापासून राग आला.

“मास्तर,” प्रेमसिंग सावकाश म्हणाला, “येक मानूस तुमी रचला. मंग बाकीचे खरे कायच्यावरून?”

“बाकीचे खरे हायेत, नायक.”

“ते आता तुमी कसं सांगानं?”

त्यानं वही फडक्यात न गुंडाळता तशीच जगदेवच्या हातात दिली. ही वही गेली, तशी छापायचीही गेली हे जगदेवला त्याच क्षणी कळलं. रचलेली वंशावळ कोण विकत घेईल, आणि कोणत्या तोंडानं विकायची? अकोल्याला पत्र लिहावं लागेल. रिसोडची प्रत परत मागवावी लागेल.

“पुसदले उद्या मानूस धाडतो,” प्रेमसिंग हिरीबाईला म्हणाला. “मी सोताच जातो. जेवाले सांग पोरीले.” मग तो रूपलाकडे वळला. त्याच्या बोलण्यात कालची कुरबुर नव्हती. “रूपला, काल बोललो ते मनावर घेऊ नको. आता तूच सांग. पह्यलेपासून सांग. सगळ्याइच्या कानावर येक डाव जाऊ दे.”

माणसं बोलावली गेली. बाया दारांतून येऊन बसल्या. रूपलानं पाण्याची चूळ भरली, बैठक मारली, सारंगी मांडीवर घेऊन दोन तारा जुळवल्या. जगदेव निघून जाणार होता, पण माणसांतून वाट काढणं अवघड झालं आणि तो मागे, गोठ्याच्या भिंतीशी टेकून बसला. वही मांडीवर उपडी घातली.

रूपलाचा आवाज लागला. ओट्यावरच्या अकरा दुपारी जगदेवनं ऐकलेला तो हा नव्हेच. तिथे तो सांगत होता, इथे गात होता. जगदेवला सगळं पाठ होतं. पुढचं नाव येण्याआधी त्याचे ओठ हलत. भीमा आला. भीमाला एकच लेक, देवला. माणसांत हुंकार उठला. हिरीबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली, आणि आतून भांड्याचा आवाज आला.

मग देवलाचा लेक सोना आला. सोनाच्या पाठची आंधळी बहीण, जी वाघाच्या पावलांच्या आवाजावरून वाट ओळखायची, तिच्यासाठी जगदेव ओठ हलवून थांबला. ती आली नाही. रूपला सोनाच्या लेकांवर गेला.

जगदेव ताठ बसला. आता तो नीट मोजत ऐकू लागला. तिसऱ्या पिढीतला, मिठाच्या तांड्याबरोबर गेला आणि मोरपिसांची मोट घेऊन परतला तो धाकटा, तोही आला नाही. लग्नाच्या दिवशी नदीला पूर आला म्हणून काठावरूनच सप्तपदी चाललेली ती नवरी, तीही नाही. बाकीची नावं होती तशी, त्याच क्रमानं, एकामागून एक येत राहिली. वहीतली जी जी पानं त्यानं रिसोडला वाचून दाखवायला निवडली होती, ती तेवढी गळत गेली. म्हणजे म्हातारा एकट्या हेमसिंगावर थांबला नव्हता.

त्याचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. रूपला गाता गाता मान वर करून माणसांच्या डोक्यांवरून थेट त्याच्याकडे बघत होता.

जगदेवनं हात रिकामाच बाहेर काढला. मांडी बदलली, पाठ भिंतीला टेकवली आणि तो पुढचं ऐकू लागला.